घरी गाडी उचलताय? या चुका टाळा

डिकीत स्टेपनीशेजारी कात्रीसारखा जो जॅक ठेवलेला असतो, तो रस्त्यात पंक्चर झालं तर चाक बदलण्यापुरता. त्याचा पाया तळहातापेक्षा थोडा मोठा, आणि सगळा भार एका स्क्रूवर. बाजूने जोराचा धक्का बसला की तो आडवा होतो. चाकांवर सरकणारा, दांड्याने पंप करायचा ट्रॉली जॅक दिसायला दणकट, पण गाडी वर असताना तिचं वजन तेलाच्या दाबावर असतं, आणि तो दाब एक रबरी सील आणि मण्याएवढा बॉल-व्हॉल्व्ह धरून ठेवतात. सील फाटलं तर जॅक आधी सूचना देत नाही. म्हणून उचलायला जॅक, धरायला स्टँड, म्हणजे गाडीखाली ठेवायचा लोखंडी टेकू. स्टँड नसेल तर ऑइल बदलण्याचं काम गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, तरी गाडी सरकली

ही चूक जाणत्यांकडूनही होते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा, गाडी धरतो तो फक्त गिअर. पुढचं एकच चाक उचललं तर गिअरचाही उपयोग नाही, कारण डिफरन्शिअलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे) हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं होतं. ऑटोमॅटिक गाडीत लीव्हर ‘पी’वर ठेवला तरी हेच घडतं.

म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून पाचर लावायची. चार इंची चौकोनी लाकूड तिरकं कापलं की चांगल्या पाचरी होतात. गोल दगड नको, चाक त्याला ढकलत नेतं किंवा त्याच्यावर चढतं.

जमीन

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात आणि स्टँडचे पाय त्यांना हळूहळू दाबतात. पावसाळ्यात मातीच्या अंगणाचं विचारायलाच नको. उन्हात तापलेलं डांबरही खचतं. काँक्रीट नसेल तर प्रत्येक स्टँडखाली 18 मिमी जाडीचा, निदान सव्वा फूट चौरस प्लायवूडचा तुकडा घाला. आणि उतार? चेंडू ठेवून बघा. घरंगळला तर तिथे गाडी उचलायची नाही.

ट्रॉली जॅकची एक खोड लक्षात ठेवा. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. त्यामुळे डोकं वर येताना मागे, दांड्याच्या दिशेने सरकतं. ही सरक भरून काढायला जॅकला स्वतः गाडीखाली थोडं लोळावं लागतं. त्याची चाकं फरशीच्या सांध्यात अडकली, किंवा ‘हलू नये’ म्हणून तुम्हीच त्यांना दगड लावला, तर डोकं गाडीच्या पत्र्यावरून घसरतं. पाचर गाडीच्या चाकांना, जॅकच्या चाकांना कधीच नाही.

नेमकं कुठे लावायचं

दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, जवळजवळ असलेल्या दोन खाचा असतात. त्या दोहोंच्या मधली जागा जॅकची. गाडीच्या पुस्तिकेत आकृती असते, ती पाहाच. ट्रॉली जॅकचं लोखंडी डोकं थेट त्या कडेवर टेकवलं तर कड दुमडते, म्हणून मधोमध खाच असलेला रबरी पॅड वापरा.

चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली, जॅक लावणं ही सगळ्यात महागडी चूक. ॲल्युमिनियमचा असेल तर तडकतो. पत्र्याचा असेल तर आत चेपतो आणि तेल ओढणाऱ्या जाळीला टेकतो. मग इंजिनला तेल कमी पडतं, आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कोकण, गोवा, मुंबईतल्या जुन्या गाड्यांची दाराखालची कड आतून गंजलेली असू शकते. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, भोक पडलं तर तिथे भार देऊ नका. इलेक्ट्रिक गाडीत तळाशी बॅटरी असते, तिथे पुस्तिकेतली जागा सोडून कुठेही जॅक नको.

आता नेहमीची अडचण: जॅकची जागा आणि स्टँडची जागा एकच. पुस्तिकेत पुढच्या बाजूला मधोमध क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या मजबूत आडव्या पट्टीवर) उचलायची जागा दिलेली असेल तर जॅक तिथे लावा आणि दोन्ही स्टँड कडेच्या खाचांखाली. मागे मात्र आडव्या ॲक्सलला सवयीने जॅक लावू नका, बऱ्याच गाड्यांत कंपनी ते स्पष्ट नाही म्हणते.

स्टँडऐवजी विटा

वीट, सिमेंटचा पोकळ ब्लॉक, जांभ्याचा चिरा, हे सगळे भिंतीत उत्तम. तिथे भार सगळ्या पृष्ठभागावर पसरतो. गाडीची कड मात्र एका रेषेवर टोचते, आणि हे पदार्थ वाकत नाहीत, एकदम फुटतात.

स्टँड घेताना त्यावरचा आकडा एकाचा की जोडीचा ते वाचा. हजार किलोच्या हॅचबॅकला दोन टनी जोडी पुरते. 2020 मध्ये अमेरिकेत लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण उंची धरून ठेवणारे दात नीट अडकत नव्हते. त्यामुळे खटका पूर्ण बसला का ते डोळ्यांनी बघा, आणि आडवी पिन असेल तर ती घाला. गाडी स्टँडवर टेकली की जॅक काढून टाकू नका, हलका टेकलेला राहू द्या. काढलेलं चाक कडेखाली आडवं सरकवा. मग बाहेर उभं राहून गाडी जोरात हलवा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. घसरू लागली तर हाताने धरू नका, मागे सरका.

जॅक नीट चालत नसेल तर

वर जातो पण हळूहळू खाली बसतो: जॅक खाली सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद नाही, आत कचरा आहे, किंवा सील गेलं आहे. दांडा मारला तरी मऊ लागतो: आत हवा आहे. व्हॉल्व्ह उघडा ठेवून, भार नसताना दहा-पंधरा वेळा पंप करा. पूर्ण उंची गाठत नसेल तर तेल कमी आहे. त्यात हायड्रॉलिक जॅक ऑइलच घाला, ब्रेक ऑइलने सील फुगून खराब होतं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. हवेत पान्यावर जोर लावला की अख्खी गाडी डुलते. गाडी उतरवण्याआधी खाली राहिलेला पाना, मूल, मांजर बघा आणि व्हॉल्व्ह अगदी थोडा फिरवा. नट शेवटी जमिनीवर, समोरासमोरच्या जोडीने आवळायचे. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावून बघा.