धूळभरल्या तेजस्वी दीर्घिका: अवरक्त सर्व्हे वापरताना या चुका टाळा

कॅटलॉग उतरवायचा, आलेख काढायचा आणि त्याच संध्याकाळी निष्कर्ष लिहून मोकळं व्हायचं. मुंबईतल्या एमएस्सीच्या प्रोजेक्टांत ही घाई दर वर्षी बघतो. दीर्घिका यादीत आली कशी, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त छळणारी चूक तेजस्वितेची. उपनगरातल्या कॉलेजची एक हुशार मुलगी आयरास या अवरक्त उपग्रहाची 60 मायक्रॉन तरंगलांबीवरची यादी घेऊन आली. रेडशिफ्टबरोबर, म्हणजे अंतराबरोबर, तेजस्विता चढत गेलेली. ‘सर, लांबच्या दीर्घिका जास्त तेजस्वी आहेत!’ उत्क्रांतीवर प्रकरणही लिहून तयार. मी म्हटलं, याच आलेखावर सर्व्हेच्या किमान फ्लक्सची, म्हणजे यादीत यायला आपल्यापर्यंत किमान किती प्रकाश पोचावा लागतो त्याची, रेघ काढ. तिने काढली, तर बहुतेक ठिपके रेघेला खेटून बसलेले. अंतर दुप्पट झालं की यादीत यायला तेजस्विता साधारण चौपट लागते. मंद दीर्घिका तिथे असतात, पण नोंदल्या जात नाहीत. उलट जवळचं घनफळ लहान, म्हणून सूर्याच्या लाख कोटी पट तेजस्वी अशा दुर्मिळ दीर्घिका तिथे मिळत नाहीत. त्यांतली अगदी जवळची आर्प 220 सुद्धा सुमारे 25 कोटी प्रकाशवर्षं लांब आहे. ती रेघ नसलेला आलेख मी हातात घेत नाही.

दुसरी चूक धुळीच्या तापमानाची. एकूण तेजस्विता सारखी असली तरी 850 मायक्रॉनला थंड धूळ जास्त उठून दिसते, 60 ला गरम. 850 ची लांबच्या, म्हणजे जुन्या काळच्या दीर्घिकांची यादी 60 च्या शेजारी ठेवून ‘पूर्वी धूळ थंड होती’ म्हणणं चूकच. मी आधी 25 ते 60 केल्विन धुळीच्या, संगणकावर बनवलेल्या बनावट दीर्घिका सर्व्हेच्या अटींतून गाळून बघतो. वेळ जातो, जाऊ द्या.

सर्व्हेच्या किमान मर्यादेजवळचे फ्लक्स जसेच्या तसे घेऊ नका. मंद दीर्घिका संख्येने जास्त, त्यामुळे मोजणीतल्या नॉइजने वर ढकललेल्याच जास्त सापडतात.

हर्शेल अवकाश दुर्बिणीचा 500 मायक्रॉनचा बीम, म्हणजे नकाशातल्या एका ठिपक्याचा आकार, 36 आर्कसेकंदांचा. एका ठिपक्यात दोन-तीन दीर्घिका सहज मावतात.

त्या ठिपक्यातली नेमकी दीर्घिका कोणती, हे रेडिओ नकाशावरून शोधलंत तर सगळ्यात लांबच्या निसटतात.

आणि गुरुत्वीय भिंग. एफ10214+4724 ही दीर्घिका 1991 मध्ये विश्वातली सर्वांत तेजस्वी वस्तू म्हणून गाजली. पुढे कळलं की मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने तिचा प्रकाश वाढलाय. म्हणून 500 मायक्रॉनला 100 मिलीजान्स्कीच्या (हे फ्लक्सचं एकक) वरचं काही दिसलं, की जवळच्या सर्पिल दीर्घिका आणि ब्लेझर (कृष्णविवरामुळे झगमगणारी दीर्घिकांची केंद्रं) वगळून मी आधी मधल्या दीर्घिकेचा शोध घेतो, तेजस्विता नंतर मोजतो.