दुखी संसार वाचायचा तर वहीला दोन पानं लागतात

आमच्या वाचनकट्ट्यावर एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही बाईचं चरित्र निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नवरा मारायचा का हो तिला?" मारत नसेल तर संसार बरा चालला होता असं धरून मंडळी पुढे जातात. या चाळणीतून अमेरिकन लेखिका कॅरोलिन हीली डॉल सरळ निसटते, म्हणून नव्या येणाऱ्यांना मी मुद्दाम तिच्यापासूनच सुरुवात करायला लावते. बाई आपल्याला अगदीच परकी नाही. डॉ. आनंदीबाई जोशींचं इंग्रजी चरित्र १८८८ साली बॉस्टनला निघालं, ते हिनेच लिहिलेलं.

एक लांब वही घ्या. डाव्या पानावर घर, उजव्या पानावर मित्रमैत्रिणी. साल दोन्हीकडे एकाच ओळीत आलं पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप फुकट.

डावं पान पटकन भरतं. जन्म १८२२, बॉस्टन. वडील व्यापारी, १८३७च्या मंदीत बुडाले, तेव्हा मुलीला शाळेत नोकरी धरावी लागली. १८४४मध्ये युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे पाद्री चार्ल्स डॉल यांच्याशी लग्न. आणि १८५५मध्ये चार्ल्स मिशनच्या कामासाठी कलकत्त्याला निघून गेले. मुलगा विल्यम नऊ वर्षांचा, धाकटी सेरा त्याहून लहान.

या ओळीपाशी पेन्सिल थांबवा. चार्ल्स १८८६ साली वारले तेही कलकत्त्यातच. मधल्या तीस-एकतीस वर्षांत ते अधूनमधून अमेरिकेला येऊन गेले, राहायला म्हणून परतले नाहीत. तरी याला कोणी बायको टाकली म्हटलं नाही, कारण धर्मकार्य होतं! घटस्फोट नाही, बोभाटा नाही, चर्चमध्ये मान खाली घालायला नको. म्हणून नवरा लांब गेल्याची नोंद दिसली की कारण काय सांगितलं ते वाचून पुढे सरकू नका. पोरं कोणापाशी राहिली? घरात पैसा कुठून आला? जायचं की राहायचं हे ठरवताना तिला कोणी विचारलं? एवढे तीन प्रश्न समासात लिहायचेच. डॉलबाईंच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी त्यांची स्वतःची व्याख्यानं आणि लेखणी.

आता उजवं पान. इथे घाई नको.

१८४१, बॉस्टनमध्ये पाद्री जॉर्ज रिप्ली यांचं घर. तिथे लेखिका मार्गारेट फुलर ग्रीक पुराणकथांवर चर्चा चालवायच्या. अठरा वर्षांची कॅरोलिन ऐकायला बसायची आणि टिपणं काढायची. ती टिपणं तिने जपली आणि थेट १८९५मध्ये पुस्तक करून छापली. मैत्री म्हणावी तर जवळजवळ एकतर्फी, मार्गारेटबाईंना या पोरीचं फारसं कौतुक नव्हतं. अशा नात्यापुढे मी बाणाची खूण करते, एकाच दिशेची. नंतर पॉलिना राइट डेव्हिस यांचं 'द ऊना' हे स्त्रियांच्या हक्कांचं पत्र. त्यात कॅरोलिन लिहायची, संपादनातही होती.

आता दोन्ही पानांवरून आडवी नजर फिरवा. १८५५मध्ये नवरा गेला, आणि 'द ऊना' बंद पडलं तेही त्याच साली. मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क देणारा कायदा झाला तोही १८५५मध्येच. पुढे १८५९ला बॉस्टनमधली स्त्री-हक्क परिषद, १८६७ला स्त्रियांचं शिक्षण, रोजगार आणि कायदा यांवरचा जाड ग्रंथ. मला विचाराल तर नवरा गेल्यावर बाईंचा आवाज मोकळा झाला. कट्ट्यावर हे सगळ्यांना पटत नाही. त्यांचं म्हणणं, चूल पेटवायची म्हणून ती बोलायला उभी राहिली. बाई जिभेने तिखट होत्या, जोडलेली माणसं तोडायच्याही. अशी तुटलेली नावं खोडू नका, नावापुढे साल घालून ठेवा. दुखी संसारातल्या बाईला मैत्रिणी देवासारख्या भेटतात, हा चित्रपटातला प्रकार झाला.

कागद कोणासाठी लिहिला होता तेही तपासा. डॉलबाईंनी जवळजवळ पाऊणशे वर्षं रोजनिशी लिहिली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत ती आहे. रोजनिशीत त्या दिवसाचा राग ताजा असतो, पत्रात वाचणाऱ्याचं तोंड बघून लिहिलेलं असतं. आनंदीबाईंचंच बघा. अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या मावशी मानत, आणि डॉलबाईंच्या चरित्राला मोठा आधार त्या मावशींना लिहिलेल्या पत्रांचा. लहानपणी खाल्लेल्या माराचा जाब मात्र आनंदीबाईंनी पत्रातून खुद्द गोपाळरावांना विचारला. तेव्हा चरित्र हातात आलं की आधी बघा, पत्रं कोणाच्या ट्रंकेतली?

सरावाला आनंदीबाईंचीच वही करा. डावीकडे ७ एप्रिल १८८३, कलकत्त्याहून आगबोट, गोपाळराव मागे. उजवीकडे त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्क, न्यायला मावशी. २६ फेब्रुवारी १८८७, पुण्यात मृत्यू. मग त्यांची रक्षा अमेरिकेला गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. ही शेवटची नोंद मी उजव्या पानावर करते. कट्ट्यावरच्या दोघी अजून डाव्या पानासाठी भांडतात, कारण रक्षा पाठवली गोपाळरावांनीच.