भाड्याचा फ्लॅट शोधताना ॲपचं किती ऐकायचं आणि स्वतःचं किती

दोन वर्षांपूर्वी मी वाकडला फ्लॅट घेतला भाड्याने, मॅपवर हिंजवडीचं ऑफिस १८ मिनिटं, सोसायटीचं रेटिंग ४.८, मग काय, टोकन देऊन मोकळा. मॅप बघितला होता रविवारी दुपारी. आणि रेटिंग दिलेलं एकूण अकरा जणांनी. मार्चमध्ये टँकर सुरू झाले तेव्हा ट्यूब पेटली. त्यानंतर तीन मित्रांना घर शोधायला मदत केली, तेव्हा जी पद्धत वापरली ती सांगतो.

ॲप उघडायच्या आधी कागद घ्या आणि तुम्हाला काय हवंय ते लिहा, पाच-सहाच गोष्टी, म्हणजे ऑफिसला लागणारा वेळ, पाणी, पार्किंग, मेंटेनन्स धरून भाडं, आवाज. हे आधीच करायचं, कारण एकदा का टेकडी दिसणारी बाल्कनी बघितली की बाकी सगळं माफ होतं (अनुभव आहे). फ्लॅट बघताना प्रत्येक गोष्टीला ५ पैकी मार्क तिथल्या तिथे द्या, आणि 'आवडला का' हा प्रश्न शेवटी. ही आयडिया माझी नाही. डॅनियल काहनेमन, पुढे नोबेल मिळवणारा मानसशास्त्रज्ञ, तो १९५० च्या दशकात इस्रायली सैन्यात असताना भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम त्याच्याकडे आलं, मुलाखत घेणारे आधी गप्पा मारून एकदम मत बनवायचे, याने सहा गुण वेगवेगळे मोजायला लावले आणि मग म्हणाला आता डोळे मिटा आणि हा पोरगा सैनिक म्हणून कसा निघेल ते सांगा. गंमत म्हणजे तो शेवटचा अंदाजही चांगला निघाला, आधीच्या नुसत्या अंदाजापेक्षा बराच.

आता मॅप. 'आत्ता किती वेळ' बघू नका, मंगळवार-बुधवार सकाळी साडेनऊला पोचायचंय असं टाका, मग तो '३० मिनिटं ते १ तास' असं काहीतरी दाखवेल, त्यातला मोठा आकडा धरा. टू-व्हीलरवाल्यांनी टू-व्हीलरचा मोडच लावा, कारचा वेळ आपल्या कामाचा नाही. आणि एकदा तरी वर्किंग डेला त्याच वेळी स्वतः गाडी काढून जा, पाऊस असेल तर उत्तम.

रेटिंगमध्ये आधी किती जणांनी दिलंय ते बघा, दहा-बारा जणांच्या ४.८ पेक्षा हजार जणांचं ४.२ मला जास्त पटतं. पाच स्टारवाले सोडा, दोन-तीन स्टारवाले वाचा, रिव्ह्यूमध्ये 'टँकर' शब्द सर्च करा. 'हाय डिमांड' वगैरे टॅगला भुलायचं नाही, लोक सर्च किती करतात एवढंच त्यातून कळतं. गूगलने २००८ मध्ये सर्चवरून अमेरिकेतल्या फ्लूचा अंदाज काढायला सुरुवात केली होती, २०१२-१३ च्या हिवाळ्यात तो प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट आला. डेटा प्रचंड होता हो, पण शोधणारा प्रत्येक जण आजारी नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, डेटात कोण नाहीये ते शोधा. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते मोजत होते, अब्राहम वॉल्ड नावाच्या गणितज्ञाचा मुद्दा असा की जिथे भोकं कमी दिसतात तिथेच जपायला पाहिजे, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. आपल्याकडे परत न आलेलं विमान म्हणजे ११ महिन्यांचं अग्रीमेंट संपायच्या आत फ्लॅट सोडून गेलेला भाडेकरू. तो रिव्ह्यू लिहीत बसत नाही. ब्रोकरला विचारून उपयोग नाही, वॉचमन, इस्त्रीवाले काका, कोपऱ्यावरचा किराणावाला, यांना विचारा की आधीचे लोक का गेले आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाला टँकर किती येतात.

मार्क एक सांगतायत आणि मन दुसरंच म्हणतंय असं झालं तर एक रात्र जाऊ द्या आणि मनाचं कारण एका वाक्यात लिहून बघा. माझ्या मित्राला जास्त मार्कांचा फ्लॅट नको वाटत होता, लिहायला बसला तेव्हा कळलं की लिफ्ट वारंवार बंद असते असं वॉचमन बोलता बोलता म्हणाला होता आणि आईचे गुडघे दुखतात. यादीत लिफ्टचा रकानाच नव्हता. तो टाकला, परत बेरीज केली, आणि दुसरा फ्लॅट घेतला.