अमेरिकेत एमएसला निघताना: फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरला भेटण्याआधीची तयारी

आपल्याकडे बी.ई. करताना कोणत्या सेमिस्टरला कोणते विषय, हे विद्यापीठ ठरवतं. एखाद-दुसरं इलेक्टिव्ह सोडलं तर निवडायला फारसं काही नसतं. अमेरिकेत एमएसला गेलात की डिपार्टमेंट फक्त नियमांची चौकट आखून देतं, एक फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर नेमतं आणि चौकटीत काय भरायचं ते तुमच्यावर सोडतं. "सर, मी कोणते कोर्सेस घेऊ?" एवढंच विचारलंत, तर ते चार नेहमीची नावं सांगतील आणि भेट संपेल. तुम्ही केलेला कच्चा आराखडा समोर ठेवलात, तर त्यांना त्यातलं चुकीचं काय आणि राहिलंय काय हे दाखवता येतं. खरा सल्ला तिथे मिळतो, म्हणून तयारी त्या आराखड्याची करायची.

आधी डिपार्टमेंटच्या साइटवरून ग्रॅज्युएट हँडबुक उतरवून घ्या. तुमचा प्रवेश ज्या वर्षीचा, त्याच वर्षीचं घ्या, कारण बहुतेक ठिकाणी पदवीला तेच नियम लागू होतात. इंजिनिअरिंगच्या एमएसला साधारण ३० ते ३६ क्रेडिट्स लागतात, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा-बारा कोर्सेस. त्यातले कोअर किती, दुसऱ्या डिपार्टमेंटचे किती चालतात, थीसिस घेतला तर त्याचे किती मोजतात, हे पेन्सिलीने खुणा करत वाचा. जीपीएची अटही पाहून ठेवा. ती बहुतेक ठिकाणी ३.० असते आणि त्याखाली गेलं की प्रोबेशन, म्हणजे ग्रेड सुधारण्याची ताकीद, लागतं.

आता कागदपत्रं. इथे थोडा जास्त वेळ घाला, कारण परदेशी गेल्यावर ही धावपळ जमत नाही. आपल्या मार्कलिस्टवर नुसतं "इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स ३" असं छापलेलं असतं. त्यात प्रोबॅबिलिटी होती की लाप्लास ट्रान्सफॉर्म, हे तिथल्या प्राध्यापकांना नावावरून कसं कळणार? आणि मशीन लर्निंगच्या कोर्सला प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा झालेलं हवं अशी अट असली, की नोंदणीची प्रणाली तुम्हाला थेट अडवते, कारण तिच्या लेखी तुम्ही ते कधी शिकलेलाच नाहीत. म्हणून तुमच्या पॅटर्नचा सिलॅबस विद्यापीठाच्या साइटवरून काढा, युनिटवार मजकूर आणि पाठ्यपुस्तकांची नावं असलेली पानं वेगळी करा आणि प्रत्येक पीडीएफला विषयाचं नाव द्या. सोबत एक पानभर तक्ता करा: डावीकडे तिथल्या कोर्सची अट, उजवीकडे तुमचा विषय, सेमिस्टर आणि युनिट. अट शिथिल करायची परवानगी बहुधा तो कोर्स शिकवणारे प्राध्यापक देतात. त्यांच्यापुढे हे पान ठेवलं की काम सोपं होतं.

मग आराखडा. पहिल्या सेमिस्टरपुरता करू नका, पदवीपर्यंतचा करा. अनेक कोर्सेस वर्षातून एकदाच शिकवले जातात, काही तर वर्षाआड. मागच्या दोन-तीन वर्षांची वेळापत्रकं साइटवर सापडतात, त्यातून कोणता कोर्स फॉलला (ऑगस्ट ते डिसेंबरचं सत्र) आणि कोणता स्प्रिंगला (जानेवारी ते मेचं सत्र) असतो हे कळतं. समजा, तुम्हाला हवा असलेला प्रगत कोर्स फक्त स्प्रिंगला असतो आणि त्याच्या आधीचा कोर्स फक्त फॉलला. तो पहिल्या फॉलला सुटला तर दुसऱ्या फॉलपर्यंत थांबावं लागेल, आणि प्रगत कोर्स थेट चौथ्या सेमिस्टरला येईल. अशा साखळ्या आधी मांडा, बाकीचे कोर्सेस भोवती बसवा, आणि प्रत्येक सेमिस्टरला एक पर्यायी कोर्स लिहून ठेवा. पहिल्या सेमिस्टरला तीन कोर्सेस पुरे. तिथे दर आठवड्याची असाइनमेंट ग्रेडमध्ये धरली जाते, शिवाय घर, बँक, स्वयंपाक सगळं नवीन असतं. सीनियर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणत्या कोर्सचा बोजा किती हे विचारा, पण "सोपा ए" म्हणून फिरणाऱ्या यादीवरून आराखडा करू नका. एवढं कर्ज काढून जाताय, तर जे शिकायचंय ते घ्या.

व्हिसाचे नियम आराखड्यात आधीच धरायला हवेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ नोंदणी लागते. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला ती किती क्रेडिट्सची हे विद्यापीठ ठरवतं, बहुतेक ठिकाणी ९. त्यात पूर्णपणे ऑनलाइन असलेला एकच कोर्स, फार तर तीन क्रेडिट्स, धरता येतो. उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची तर सीपीटी, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, लागतं, आणि साधारणपणे त्याआधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. काही ठिकाणी त्यासाठी इंटर्नशिपचा वेगळा कोर्सही घ्यावा लागतो, त्याची क्रेडिट्स पदवीत धरतात का हे विचारून ठेवा. मात्र व्हिसाचे प्रश्न अ‍ॅडव्हायझरना विचारू नका. ते काम आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओंचं, म्हणजे विद्यार्थी-व्हिसाचं पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचं आहे. फॉर्म आणि परवानगीचे कोड डिपार्टमेंटचे ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर पाहतात. अ‍ॅडव्हायझरना अभ्यासाचंच विचारा.

नोंदणीच्या खात्यावर "होल्ड", म्हणजे नोंदणी अडवणारी खूण, लागलेला नाही ना, हे निघण्याआधी तपासा. सर्वांत जास्त अडतं ते लसीकरणाच्या कागदांवर. एमएमआरच्या (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस) दोन डोसांच्या तारखा बहुतेक विद्यापीठं मागतात. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर फॅमिली डॉक्टरांना आताच गाठा.

ईमेलही वेळेत जायला हवी. अनेक प्राध्यापकांची नेमणूक नऊ महिन्यांची असते. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते संशोधनात किंवा प्रवासात असतात, त्यामुळे उत्तर उशिरा आलं तर मनाला लावून घेऊ नका. आठवड्याभराने एक आठवण पाठवा आणि कोऑर्डिनेटरना वेगळं लिहा. "रिस्पेक्टेड सर" नको, "डिअर प्रोफेसर" आणि आडनाव पुरेसं आहे. तुमचं नाव, विद्यार्थी क्रमांक, कोणत्या सत्रापासून येताय, दोन नेमके प्रश्न आणि सोबत आराखडा, एवढं पुरे. ऑनलाइन भेट ठरली तर वेळ नीट पाहा: न्यूयॉर्ककडचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. आणि आईबाबांनी अ‍ॅडव्हायझरना फोन किंवा मेल करू नये. १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय ते सहसा त्याच्या अभ्यासाबद्दल काही सांगू शकत नाहीत.

भेटीत आराखडा दाखवून विचारा: हा क्रम तुम्हाला पटतो का, यातला कोणता कोर्स पुढच्या वर्षी बंद असेल, थीसिसचा निर्णय कधीपर्यंत घ्यायचा, कोणत्या प्राध्यापकांशी आधी बोलू? त्यांचं मत वेगळं पडलं तर कारण विचारा, संकोच नको. तिथे त्याला उद्धटपणा समजत नाहीत. त्याच दिवशी, काय ठरलं ते चार ओळींत लिहून त्यांना मेल करा. पुढे परवानगीचा प्रश्न आला की हीच मेल उपयोगी पडते.

नोंदणी उघडते त्या क्षणी सेक्शनचे क्रमांक हाताशी हवेत आणि वेळा एकमेकींवर येत नाहीत याची खात्री हवी. कोर्स भरला तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पर्यायी कोर्स घेऊन ठेवा. अ‍ॅड-ड्रॉपची मुदत कॅलेंडरवर लिहा, कारण ती गेल्यावर सोडलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर "डब्ल्यू" (विथड्रॉन, म्हणजे मध्येच सोडलेला) म्हणून दिसतो आणि फीही बहुधा पूर्ण परत मिळत नाही. आणि कोर्स सोडल्याने पूर्णवेळच्या मर्यादेखाली जाणार असाल, तर बटण दाबण्याआधी डीएसओंची परवानगी घ्या. नंतर घेतलेली चालत नाही.