ठाणे खाडीचा जुना किनारा नकाशावर कसा काढायचा

बरेच जण सॉफ्टवेअरमधे समुद्राची पातळी वर-खाली करून बघतात, ते आधी बंद करा. समुद्र आजच्या पातळीच्या जवळपास येऊन हजारो वर्षं झालीत, त्यामुळे शिलाहार राजांच्या काळात (साधारण नववं ते तेरावं शतक) ठाणं श्रीस्थानक होतं तेव्हाची खाडी नंतर बदलली ती मुख्यतः गाळाने आणि आपण टाकलेल्या भरावाने. म्हणून आधी नकाशावरून भराव उतरवायचा.

त्यासाठी सोनं आहे कोरोना उपग्रहाचे फोटो! अमेरिकेने १९६० ते १९७२ मधे हेरगिरीसाठी काढलेले, १९९५ ला खुले केले, यूएसजीएस म्हणजे अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, तिच्या अर्थएक्सप्लोरर या वेबसाइटवर आपला भाग शोधा, स्कॅन झालेले फुकट मिळतात. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, म्हणजे वाशी-नेरूळ उभं राहायच्या आधीची खारं, बांध, मिठागरं बघायला मिळतात.

फोटो क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमधे टाका, म्हणजे तो नकाशावर जागेवर बसवता येतो, प्रोजेक्शन (नकाशाची मोजणी-पद्धत) यूटीएम ४३ उत्तर. फोटो आणि नकाशा जुळवायचे पॉइंट कधीही पाण्याच्या काठावर घ्यायचे नाहीत, कारण काठ कुठे सरकलाय हेच तर शोधतोय ना आपण. ठाण्याचं सेंट्रल जेल म्हणजे जुना किल्ला, त्याचे बुरूज जागचे हललेले नाहीत, ते घ्या, रेल्वेचा जुना पूल घ्या, सगळीकडे पसरून दहा-बारा तरी हवेत. मग आजची सॅटेलाइट इमेज खाली ठेवून वरची अर्धी पारदर्शक करा आणि जुना काठ ट्रेस करा, प्रत्येक रेषेला नक्की, बहुतेक किंवा अंदाज यातलं एक लिहाच, नंतर आठवत नाही.

उंचीसाठी एसआरटीएम, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीचा डेटा, वापरतात पण ते रडार तिवरांचे शेंडे आणि बिल्डिंगा मोजतं, पिक्सेल ३० मीटरचा, मीटरभराच्या फरकावर त्याचा भरवसा धरू नका. त्यापेक्षा नावं बघा, मीठबंदर, घोडबंदर, जिथे बंदर तिथे कधीतरी होडी लागत होती, हे नकाशावर वेगळ्या लेयरमधे मांडा.

शेवटी चिखलात जावंच लागतं. भरतीचा कोळ्यांचा हिशोब सोपा, तिथी गुणिले पाऊण, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमाराला, उधाणाचा जोरही असतो आणि उजेडही, आत खाडीत थोडं उशिरा धरा. खापर दिसलं तर उचलू नका, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जीपीएस घ्या.