मेंदूतील संप्रेरके आणि भावना : या संशोधनाकडे कसे वळावे

ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल म्हणजे तणावाचे, अशी सोपी समीकरणे मनात धरून अनेक विद्यार्थी या विषयाकडे येतात. ती जितक्या लवकर बाजूला ठेवाल तितके चांगले. नाकावाटे ऑक्सिटोसिन दिल्यास माणसांचा परस्परांवरील विश्वास वाढतो, हा २००५ मधील निष्कर्ष जगभर गाजला. २०२० मध्ये कितीतरी अधिक लोकांवर तोच प्रयोग केला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. म्हणून आधी प्रश्न ठरवावा, संप्रेरक नंतर.

बारावीनंतर जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, लाइफ सायन्सेस किंवा फार्मसी यांपैकी कोणत्याही शाखेतून या क्षेत्रात येता येते. पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) विज्ञानाचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. उदाहरणार्थ, चेताशास्त्रज्ञ विदिता वैद्य यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी आणि येल विद्यापीठातून पीएच.डी. घेतली व पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन, तणाव आणि भावनांशी निगडित मेंदूजाल यांवर दीर्घकाळ संशोधन केले. पदवीच्या काळात संख्याशास्त्र आणि थोडेफार प्रोग्रॅमिंग पक्के करून घ्यावे, कारण त्याची उणीव पुढे पावलोपावली जाणवते.

खरी कसोटी मोजमापाची असते. उंदराच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन (माणसातील कॉर्टिसॉलचे काम उंदरात करणारे संप्रेरक) मोजायचे असल्यास, पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत नमुना घ्यावा लागतो. उशीर झाला की आपण त्याची मूळ पातळी नव्हे, तर आपणच त्याला दिलेली धास्ती मोजतो. त्यासाठी प्रयोगाआधी अनेक दिवस त्याला हाताळण्याची सवय लावावी लागते. शिवाय उंदीर निशाचर असल्याने त्याचे हे संप्रेरक संध्याकाळी चढते, तर माणसाचे कॉर्टिसॉल सकाळी. मादीत चार-पाच दिवसांचे ऋतुचक्रही विचारात घ्यावे लागते. वेळ आणि अवस्था यांची नोंद नसलेला आकडा माझ्या मते निरुपयोगी असतो, मग उपकरण कितीही महाग असो. वर्तनाच्या ध्वनिचित्रफिती तपासतानाही कोणता प्राणी कोणत्या गटातला हे तपासणाऱ्याला ठाऊक असू नये. प्राण्यांवरील प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते.

यासोबत मेंदूच्या भागांचा अभ्यास हवा. सुमंत्र चटर्जी यांच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवले की दीर्घकालीन तणावाने स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आक्रसतात, पण भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डालात त्या वाढतात. हा शोधनिबंध मुळातून वाचावा, कारण तणावाचा परिणाम मेंदूच्या जागेनुसार उलटाही होऊ शकतो, हे त्यातून जितके स्पष्ट कळते तितके पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

पीएच.डी.साठी टीआयएफआर आणि बंगळुरूचे एनसीबीएस (राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र) यांची जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा, तसेच सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा हे मार्ग आहेत. त्याआधी विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती किंवा टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम मिळवण्याचा प्रयत्न करावा. एखाद्या प्रयोगशाळेला पत्र लिहिताना त्यांचा एक शोधनिबंध नीट वाचून, त्यातील कोणत्या आकृतीवरून कोणता प्रश्न पडला हे दोन वाक्यांत मांडावे.