प्रतिसादकाल मोजताना घड्याळ कुठे सुरू करावे, कुठे थांबवावे

प्रतिसादकाल म्हणजे चेतना, म्हणजे प्रतिसाद द्यायला लावणारा संकेत, मिळाल्यापासून प्रतिसाद येईपर्यंतचा वेळ. मात्र घड्याळ नेमके कोणत्या क्षणी सुरू केले आणि कोणत्या क्षणी थांबवले, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो.

माणसाचा प्रतिसादकाल मोजायला ३० सेंटिमीटरची फूटपट्टी पुरते. जोडीदाराने ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी, आपण अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला स्पर्श न करता ठेवावी आणि त्याने पूर्वसूचना न देता सोडताच ती पकडावी. पट्टी जितकी घसरली ते अंतर मीटरमध्ये घेऊन, त्याच्या दुपटीला ९.८ ने भागून वर्गमूळ काढले की सेकंद मिळतात : १५ सेंटिमीटरला सुमारे ०.१७५, २० ला सुमारे ०.२०. निदान दहा वेळा मोजून मध्यक घ्यावा, कारण एकदा जरी लक्ष उडाले तरी सरासरी उगाच फुगते.

या वेळात पाहणे, ठरवणे आणि बोटे मिटणे हे सारेच येते. त्यातला ठरवण्याचा भाग वेगळा काढण्यासाठी डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ मध्ये वजाबाकीची युक्ती मांडली. ती करून पाहायची तर दोन्ही हातांपुढे एकेक पट्टी धरायला सांगावी, त्यांतली कोणती सुटेल हे आधी कळू देऊ नये आणि आलेल्या वेळातून त्याच हाताचा आधीचा वेळ वजा करावा. निवड करावी लागली तरी बाकीच्या पायऱ्या तशाच राहतात, हे यातले गृहीतक मला जरा ढिसाळ वाटते.

संगणकाच्या बाबतीत रांगही मोजावी लागते. नाशिकरोड स्थानकाच्या तिकीट खिडकीवर कारकुनाला अर्धा मिनिट लागत असला, तरी पुढे दहा जण असतील तर आपला प्रतिसादकाल साडेपाच मिनिटांचा होतो. सर्व्हरचेही तसेच असते. पिंग ही आज्ञा दिली की निरोप जाऊन परत यायला लागलेले मिलिसेकंद दिसतात. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून नाशिकहून मुंबईपर्यंतची केबल १७० किलोमीटर धरली तर जाऊन येऊन १.७ मिलिसेकंद लागतात. त्याहून जास्त दिसणारा वेळ वळणे घेत जाणाऱ्या केबलचा, वाटेतल्या राउटरांचा आणि रांगांचा असतो. सर्व्हरने उत्तर तयार करण्याचा वेळ मात्र पिंगमध्ये येत नाही. तो ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क या भागात पाहावा.

माणसाची चाचणी संगणकावर घेतली, तर हे दोन्ही काळ एकमेकांत मिसळतात. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, त्यामुळे चित्र दिसायला १७ मिलिसेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो, शिवाय कीबोर्डचा उशीर वेगळाच. म्हणून दोन माणसांची तुलना करायची असेल, तर दोघांनाही एकाच यंत्रावर बसवावे.